एकशे ऐंशी सह्यांचा झेंडा



आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे. ती सुरू झाली जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यात, १९४४ साली पोचली प्रशांत महासागरातल्या सायपान नावाच्या बेटावर, तिथून गेली अमेरिकेत, आणि त्र्याहत्तर वर्षांनी, २०१७ साली, परत त्याच खेड्यात आली. गोष्ट एका कापडाची आहे. दुसरं महायुद्ध मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. त्यात सनावळ्या असत, कारणं आणि परिणाम असत, हिटलर, चर्चिल असत. शिपाई मात्र फक्त आकड्यात असत. त्या शिपायाच्या खिशात काय होतं, आणि तो पडल्यावर त्या वस्तूचं पुढे काय झालं, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नव्हता आणि परीक्षेतही नव्हता. निवृत्तीनंतर वाचायला निवांतपणा मिळाला तेव्हा असे प्रश्न हळूहळू सापडायला लागले. त्यातलाच हा एक.

आधी ते कापड काय होतं ते सांगते.

त्या काळी जपानमध्ये एखादा तरुण सैन्यात निघाला की त्याला एक झेंडा भेट द्यायची पद्धत होती. जपानचा राष्ट्रध्वज आपल्याला माहीत आहेच, पांढऱ्या कापडावर मधोमध लाल सूर्य. त्याच्या पांढऱ्या भागावर घरचे लोक, शेजारी, शाळेतले मित्र, मास्तर, कारखान्यातले सोबती आपापली नावं लिहायचे. कुंचल्याने, काळ्या शाईने, सूर्याभोवती किरणांसारखी. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'बुउन चोक्यू' असे चार अक्षरांचे शब्द बहुतेक असायचेच. त्याचा अर्थ साधारण असा, की रणात तुझं दैव तुला दीर्घकाळ साथ देवो. या झेंड्याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. योसेगाकी म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं लेखन, आणि हिनोमारू म्हणजे सूर्याचं बिंब. शिपाई त्याची घडी करून अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवायचा.

याच्याच जोडीला आणखी एक वस्तू असे, हजार टाक्यांचा पट्टा. आई किंवा बहीण रस्त्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडून एकेक टाका घालून घ्यायची. असे हजार टाके झाले की तो पट्टा मुलाने कमरेला बांधायचा. आपल्याकडे नवस, ताईत, अंगारा असतो, तशातलाच हा प्रकार. मुलाला पाठवणं टाळता येत नाही, मग निदान त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचं!

आता हे कापड शत्रूच्या हाती कसं गेलं ते बघू.

सायपान हे लहानसं बेट आहे, पण १९४४ मध्ये ते फार मोलाचं होतं. तिथून उडालेली अमेरिकेची बी-२९ विमानं थेट जपानच्या शहरांवर पोचू शकत होती. १५ जून १९४४ ला अमेरिकन सैनिक तिथे उतरले आणि ९ जुलैला बेट ताब्यात आल्याचं त्यांनी जाहीर केलं. या साडेतीन आठवड्यांत तीन हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. जपानचे तीस हजारांच्या आसपास सैनिक बेटावर होते, त्यातले जवळजवळ सगळेच मेले. तिथल्या हजारो सामान्य लोकांचे जीव गेले ते वेगळेच. १८ जुलैला सायपान पडल्याचं जपानच्या मुख्यालयाने जाहीर केलं आणि त्याच दिवशी पंतप्रधान तोजो पायउतार झाले. ही १८ जुलै तारीख लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

या लढाईत मार्विन स्ट्रॉम्बो नावाचा एक तरुण मरीन सैनिक होता, मॉन्टॅना राज्यातला. गारापान या बेटावरच्या मुख्य गावाच्या सीमेवर तो आपल्या तुकडीपासून जरा मागे पडला. वाटेत त्याला एक जपानी सैनिक कुशीवर पडलेला दिसला. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती, जणू झोपलाच आहे. बहुधा तोफगोळ्याच्या धक्क्याने गेला असावा. त्याच्या अंगरख्यातून झेंड्याचं टोक बाहेर आलेलं होतं. स्ट्रॉम्बो थबकला. घ्यावा की नाही? मग त्याने विचार केला की आपण नाही घेतला तर मागून येणारा कुणीतरी घेणारच, आणि मग तो कुठे जाईल याचा पत्ताही राहणार नाही. त्याने झेंडा काढून घेतला आणि त्या मेलेल्या माणसाला मनातल्या मनात वचन दिलं, की कधीतरी हा मी परत करीन.

मंडळी, इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अशी वस्तू घेणारा तो एकटा नव्हता. हे झेंडे म्हणजे सैनिकांना हवीहवीशी वाटणारी निशाणी होती आणि असे हजारो झेंडे अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात गेले. खरं तर १९२९ च्या जिनिव्हा करारात युद्धभूमीवर सापडलेल्या आणि मृतांच्या अंगावरच्या वैयक्तिक वस्तू गोळा करून एकमेकांकडे पोचवाव्यात असं कलम आहे. पण कागदावरचं कलम आणि रणातला माणूस यात अंतर असतं.

रणात मृताच्या अंगावर जे सापडतं त्याचे दोन भाग पडतात. एक सैन्याच्या कामाचा आणि दुसरा घराच्या कामाचा. सैन्याच्या कामाचं काय असतं त्याचं उदाहरण आपल्या मातीतलंच आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाक इथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. त्यात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही होती. तिथे पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्यापाशी नकाशा सापडला आणि त्यावरून इंफाळ आणि कोहिमाकडे जाणाऱ्या जपानी फौजांचा बेत समजला. असा नकाशा ताबडतोब वर पाठवला जातो, त्याचं भाषांतर होतं, त्याला किंमत असते. पण आईने दिलेला पट्टा किंवा गावाने सह्या केलेला झेंडा? तो कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून तो खिशात जातो.

या दोन भागांच्या मधे एक तिसरी वस्तू होती, ती म्हणजे रोजनिशी. अमेरिकन सैनिकांना रोजनिशी लिहायला बंदी होती, कारण ती शत्रूच्या हाती पडली तर माहिती फुटेल. जपानी सैनिकांना मात्र रोजनिशी लिहायला उत्तेजन असे. डोनाल्ड कीन हे पुढे जपानी साहित्याचे मोठे अभ्यासक झाले. युद्धात ते अमेरिकेच्या आरमारात दुभाषी होते. पकडलेल्या कागदपत्रांच्या ढिगातून या रोजनिश्या वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. रक्ताचे डाग पडलेल्या त्या वह्यांना वासही यायचा. काही वह्यांच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती केलेली असे, की ज्या अमेरिकन माणसाला ही वही मिळेल त्याने युद्ध संपल्यावर ती माझ्या घरी पोचवावी. म्हणजे लिहिणाऱ्याला आपण परत जाणार नाही हे कळलेलं होतं, आणि आपलं शेवटचं पत्र कोण वाचणार हेही कळलेलं होतं! कीन यांनी अशा काही वह्या नियम मोडून आपल्या टेबलात लपवून ठेवल्या, युद्धानंतर घरच्यांना द्याव्यात म्हणून. पण टेबलाची झडती झाली आणि वह्या जप्त झाल्या. त्या परत करता आल्या नाहीत याची खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. जपानमध्ये २०११ साली भूकंप आणि त्सुनामी झाल्यावर या माणसाने जपानमध्येच कायमचं राहायचं ठरवलं. २०१२ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते जपानचे नागरिक झाले. २०१९ मध्ये ते वारले.

मला यातून एक गोष्ट फार जाणवते. कीन यांना ती अक्षरं वाचता येत होती, म्हणून त्यांच्यासाठी ती वही म्हणजे 'शत्रूची वस्तू' राहिलीच नाही. ती एका माणसाची वही झाली. स्ट्रॉम्बो यांना जपानी येत नव्हतं. त्यांच्या घरी मॉन्टॅनात तो झेंडा बंदुकांच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं होता. येणारेजाणारे बघायचे, विचारायचे. अक्षरं सुंदर आहेत एवढं कळत होतं, पण काय लिहिलंय ते कळत नव्हतं. म्हणजे परत कुणाला करायचं याचं उत्तर त्या कापडावरच लिहिलेलं होतं, एकशे ऐंशी वेळा, आणि ज्याने वचन दिलं होतं त्याला ते दिसत असूनही वाचता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, सैनिकाच्या गळ्यात बिल्ला असतो की ओळखीचा! असतो. पण जपानी सैन्यातल्या साध्या शिपायाच्या पितळी बिल्ल्यावर सहसा नाव नसे. तुकडीची खूण आणि एक आकडा, एवढंच. नाव अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर. तेव्हा सरकारने दिलेल्या वस्तूवर शिपाई हा आकडा होता, आणि गावाने दिलेल्या वस्तूवर तो माणूस होता. हजेरीपट आणि शाळेच्या ग्रुप फोटोत जो फरक असतो, तसाच काहीसा.

मग २०१२ मध्ये योग जुळून आला. स्ट्रॉम्बो यांच्या जुन्या कमांडिंग ऑफिसरच्या मुलाने आपल्या वडिलांच्या तुकडीची माहिती जमवताना त्यांच्याशी संपर्क साधला. बोलण्यात झेंड्याचा विषय निघाला, आणि त्यातून गाठ पडली ती ओबोन सोसायटी या संस्थेशी. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावी रेक्स आणि केको झियाक हे दांपत्य ही संस्था चालवतं. रेक्स अमेरिकन आणि केको जपानी. केको यांचे आजोबा ब्रह्मदेशात मारले गेले. म्हणजे ज्या आघाडीवर आपले हजारो भारतीय सैनिक लढत होते, त्याच आघाडीवर. त्यांचं काहीच घरी आलेलं नव्हतं. युद्ध संपून बासष्ट वर्षं झाल्यावर, २००७ साली, त्यांचा सह्यांचा झेंडा कॅनडातल्या एका माणसामार्फत अचानक घरी आला. आपल्या घरी जे घडलं ते इतरांच्याही घरी घडावं, यातून या दोघांनी २००९ पासून हे काम सुरू केलं.

संस्थेचं नावही बघण्यासारखं आहे. ओबोन म्हणजे जपानमधला पितरांचा सण, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यात येतो. पूर्वज त्या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा. दिवे लावून त्यांना वाट दाखवतात आणि दिवे लावूनच निरोप देतात. आपला पितृपंधरवडाच म्हणा ना. जो परक्या मुलखात मेला, ज्याचं काहीच हाती आलं नाही, त्याला घरची वाट कशी सापडायची, हा प्रश्न जसा आपल्या आजीला पडला असता तसाच तिथल्या आजीलाही पडत होता.

झेंड्यावरून मालक शोधायचा कसा, हे मला सगळ्यात रंजक वाटलं. (शिक्षकी पेशा, दुसरं काय!) आधी ज्याला भेट दिलाय त्याचं नाव शोधायचं. ते बहुधा कडेला, इतरांपेक्षा मोठं, आणि पुढे आदराचा किंवा मायेचा प्रत्यय लावलेलं असतं. पण नुसत्या नावाने भागत नाही. एकाच नावाची माणसं पुष्कळ. मग सह्यांकडे वळायचं. कुठे शाळेचं नाव आहे का, देवळाचा शिक्का आहे का, गावचा मुखिया सही करून गेलाय का. त्यानंतर आडनावं. आपल्याकडे सावर्डेकर म्हटलं की गाव कळतं. जपानमध्ये तसं थेट नसलं तरी काही आडनावं विशिष्ट खोऱ्यातच दाट असतात. पाच-सहा अशी आडनावं एकत्र दिसली की प्रांत ठरतो, कधी तालुका ठरतो.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. एक तर ते कुंचल्याचं धावतं वळण, त्यात दमट हवेने, घामाने, रक्ताने शाई पसरलेली. आपल्याकडे मोडीचं जे झालं तसंच काहीसं तिथे झालं. १९४६ नंतर जपानने कितीतरी अक्षरं सोपी केली, त्यामुळे आजच्या तरुणाला जुनी अक्षरं चटकन लागत नाहीत. शिवाय गावांची नावं बदलली. १९९९ ते २०१० या काळात जपानमध्ये लहान गावं एकत्र करण्याची मोठी मोहीम झाली आणि गावपंचायती-नगरपालिकांची संख्या सुमारे ३,२०० वरून १,७०० च्या आसपास आली. झेंड्यावर लिहिलेलं गाव आज नकाशावर असेलच असं नाही. यासाठी जपानमधले स्वयंसेवक, जुनं वळण वाचणारे जाणकार, युद्धात माणसं गमावलेल्या कुटुंबांच्या संघटना, असे कितीतरी हात लागतात. शेकडो झेंडे अशा तऱ्हेने घरी गेले. सगळ्यांचाच पत्ता लागतो असं नाही, काही ठिकाणी घराणंच संपलेलं असतं.

स्ट्रॉम्बो यांच्या झेंड्यावर मात्र एकशे ऐंशी सह्या होत्या. अभ्यासकांना उत्तर मिळायला जेमतेम आठवडा लागला. झेंडा सादाओ यासुए याचा. गाव हिगाशी-शिराकावा, गिफू प्रांत. डोंगरातलं, चहाच्या मळ्यांचं खेडं, २०१७ साली वस्ती सुमारे २,३०० ची. यासुए हे आडनाव त्याच भागातलं. चौकशी केली तर सादाओचा धाकटा भाऊ आणि बहिणी हयात! सह्या करणाऱ्या एकशे ऐंशी जणांपैकी सात जण तेव्हा जिवंत होते.

घरच्यांकडे सादाओबद्दल काय होतं? एक शेवटची भेट. रवाना होण्याआधी घरचे त्याला छावणीत भेटायला गेले होते. गवतावर बसून त्यांनी ओहागी खाल्ले. ओहागी म्हणजे चिकट भाताचे गोळे, त्यावर लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. निघताना सादाओ भावाच्या कानात बोलला, की मला पॅसिफिककडे पाठवताहेत असं दिसतंय, मी परत येईन असं वाटत नाही, आईवडिलांना सांभाळ. नंतर सरकारकडून लाकडाची एक पेटी आली. अस्थी असतील म्हणून उघडली, तर तळाशी काही दगड. पुढे कळवण्यात आलं, की १८ जुलै १९४४ रोजी सायपान इथे मृत्यू, वय पंचवीस. बस्स.

१८ जुलै म्हणजे बेट पडल्याचं जपानने जाहीर केलं तो दिवस. अमेरिकनांनी बेट ताब्यात घेतल्याला तेव्हा नऊ दिवस होऊन गेले होते. खरोखर कुठे, कसा, कोणत्या स्थितीत तो गेला, हे सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस ते सांगू शकत होता, आणि तो होता ज्याने झेंडा काढून घेतला तो.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्र्याण्णव वर्षांचे स्ट्रॉम्बो मॉन्टॅनाहून निघून त्या खेड्यात गेले. झेंडा टपालाने पाठवता आला असता. पण वचन दिलं होतं ना! १५ ऑगस्ट, ओबोनचे दिवस आणि युद्धसमाप्तीचाही दिवस. त्यांनी सादाओच्या भावाच्या हाती झेंडा दिला. एकोणनव्वद वर्षांच्या त्या धाकट्या भावाने तो चेहऱ्याशी धरला आणि वास घेतला. स्ट्रॉम्बो यांनी त्याला सांगितलं की तुझा भाऊ मला कुठे दिसला, कसा दिसला, आणि तो छिन्नविच्छिन्न झालेला नव्हता, झोपल्यासारखा दिसत होता. आईवडील हे ऐकायला नव्हते. पण भावंडांनी ऐकलं.

मला विचाराल तर त्या दिवशी दोन गोष्टी परत आल्या. एक कापड, आणि दुसरी ती हकिगत. कापड टपालाने आलं असतं, हकिगत आली नसती.

यावर कुणी म्हणेल, जपानी सैन्याबद्दल एवढा कळवळा कशाला? प्रश्न रास्त आहे. अंदमान बेटं मार्च १९४२ पासून जपान्यांच्या ताब्यात होती. तिथल्या आपल्या लोकांचा त्यांनी जो छळ केला तो विसरण्याजोगा नाही. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंज इथे ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक आजही तिथे आहे. चीनमध्ये, कोरियात, फिलिपिन्समध्ये तर विचारूच नका. त्या झेंड्यावरचा लाल सूर्य ज्यांनी आपल्या गावावर फडकताना पाहिला त्यांना त्यात माया दिसणार नाही, आणि दिसावी असं मी म्हणणारही नाही. पण झेंडा परत करणं म्हणजे त्या सत्तेला माफ करणं नव्हे. झेंडा सत्तेला परत केला जात नाही. तो एका बहिणीला, एका भावाला परत केला जातो. त्याच्यावर लाल सूर्य सरकारचा आहे आणि सह्या गावाच्या आहेत. परत जातात त्या सह्या.

हे सगळं वाचताना मन राहून राहून आपल्या सैनिकांकडे वळतं. त्यांचं काय?

योगायोग बघा, २०१७ मध्येच फ्रान्समध्ये दोन भारतीय शिपायांना लष्करी इतमामाने पुन्हा दफन करण्यात आलं. आदल्या वर्षी रिशबूर गावाजवळ खोदकाम करताना त्यांचे अवशेष सापडले होते. पहिल्या महायुद्धातले, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे. त्यांच्या गणवेशावरच्या धातूच्या खुणेवरून ते ३९ गढवाल रायफल्सचे होते एवढं कळलं. पलटण कळली, पण नावं कळली नाहीत. जवळच्या लावांती इथल्या स्मशानभूमीत ते दोघे अनामिक म्हणूनच विसावले. त्यांच्याही घरून निघताना कुणीतरी हातावर दही घातलं असेल, गळ्यात काहीतरी बांधलं असेल. पण त्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. कसं असणार? घरात लिहिता येणारं कोण होतं?

आणि आपल्या मराठा पलटणींचं बघा. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टेसिफॉनला लढल्या आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूतच्या वेढ्यात अडकल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यातली पोरं ती. त्या आघाडीवर ज्यांना थडगं मिळालं नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसरा इथे उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. आपल्या गावांमधून त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्याही आहेत, जुन्या चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. इतके म्हणजे कोण? पाटी गप्प.

यादी करायला कागद नव्हता असं नाही. पगारपत्रकं होती, पेन्शनची दप्तरं होती. पण ज्याच्या हाती छिन्नी होती त्याला आकडा पुरेसा वाटला. २०२१ साली त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. चांगलं झालं. पण शंभर वर्षांत तो आकडा ज्यांना नावानिशी माहीत होता, त्या आया, बायका, बहिणी गेल्या.

म्हणून मला त्या झेंड्याची गोष्ट नुसती हृद्य वाटत नाही, थोडी बोचतेही. सादाओ परत सापडला तो कुठल्याही सरकारमुळे नाही. सरकारने तर दगड पाठवले होते. तो सापडला तो त्याच्या गावातल्या एकशे ऐंशी लोकांनी, त्यात शाळकरी मुलं आली, म्हातारेकोतारे आले, एका दुपारी पाळीने कुंचला हातात घेऊन आपापलं नाव लिहिलं म्हणून. ते नशीब टिकावं म्हणून लिहीत होते. ते टिकलं नाही. पण नावं टिकली, आणि तीच त्याचा पत्ता झाली.

तर आता वाचणाऱ्या सगळ्या नातेवाईक मंडळींना आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना एक काम सांगते. रागावू नका, सवय जात नाही. घरात जुने फोटो असतील, पदकं असतील, कुणाच्या पणजोबांची लष्करातली पेटी किंवा चामडी पट्टा असेल. हा कुणाचा, हे सांगणारं माणूस घरात असेपर्यंत विचारून घ्या. आणि फोटोच्या मागे, पेटीच्या झाकणाच्या आत, मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. पलटण माहीत असेल तर तीही. नुसतं 'आजोबा' असं लिहू नका. पुढच्या पिढीत आजोबा बदलतात.

आणि तुमच्या गावी अशी पाटी असेल, तर तिच्यावरचा आकडा मला जरूर कळवा. त्यातलं एखादं जरी नाव कुणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल, तर तेही. इथे एक यादी करायचा विचार आहे. पुरी होणार नाही हे मला माहीत आहे, पण सुरुवात करायला काय हरकत आहे?

कळावे, लोभ असावा.